रोव्हर्स चषक आणि ‘आपण’

मुंबईच्या रोव्हर्स चषकाचा विषय साहित्याच्या अभ्यासकांसमोर काढला की एक ठरावीक उत्तर मिळते : फुटबॉल हा मराठी माणसाचा खेळ नव्हेच, परक्यांनी सुरू केलेली आणि परक्यांनी जिंकलेली स्पर्धा बंद पडली, त्याचे आपल्याला काय? या उत्तरातला ‘आपल्याला’ हा शब्द तपासून पाहण्याची गरज आहे.

आधी वस्तुस्थिती. बाद पद्धतीची ही स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. ड्युरँडनंतर (१८८८) आणि कोलकात्याच्या आयएफए शील्डच्या (१८९३) आधी. पहिली कित्येक दशके चषक ब्रिटिश पलटणींकडेच राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण हरला. १९३७ मध्ये बेंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला. असे करणारा हा पहिला भारतीय संघ. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो राखला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकला. भारतीय फुटबॉलच्या सर्वोत्तम काळाची पायाभरणी अशा रीतीने कूपरेजवर, मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत होत होती. २०००-०१ च्या हंगामानंतर स्पर्धा बंद पडली.

१९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शील्ड जिंकली. त्या विजयाला बंगालने स्वातंत्र्यलढ्याच्या कथेत स्थान दिले; शंभर वर्षांनी त्यावर चित्रपटही निघाला. १९३७ चे आपण काय केले? बागान तरी त्यांच्याच शहराचा संघ होता, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु शहराची स्मृती फक्त स्थानिक विजेत्यांची असते काय? मैदान इथले होते, प्रेक्षक इथले होते.

‘मराठी माणसाचा खेळ नव्हे’ हे विधान तर कोल्हापूरला जाऊन कोणी करून दाखवावे. तिथे तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, आणि सामन्याच्या दिवशी पेठापेठांतून ईर्षा उसळते. आपल्या समीक्षेला हा महाराष्ट्र दिसत नसेल, तर दोष खेळाचा नाही.

हे मी उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यातून लिहितो आहे, त्याला कारण आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसवले गेले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि इतर कारखान्यांनी देशभरातून माणसे आणली. मराठी साहित्यातली ‘मुंबई’ मात्र गिरणगावातून निघते आणि फार तर डोंबिवलीला उतरते. इथले सिंधी लेखन आपल्या मराठी विभागांत किती वाचले जाते? बेंगलोर मुस्लिम्सना ज्या निकषाने आपण विसरलो, त्याच निकषाने आपण आपल्या शेजाऱ्यांनाही वगळत आलो आहोत.

शिवाय, रोव्हर्स ‘परका’ होता म्हणून संपला, हे खरे नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि मोठ्या संघांचे वेळापत्रक बदलले. कंपन्यांनीही हळूहळू हात आखडता घेतला. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. खेळाच्या बळावर मिळणारी नोकरी हा मुंबईच्या कामगारजीवनाचा एक भाग होता. कामगार साहित्य शिकवणाऱ्यांना त्यात रस नसावा, याचे आश्चर्य वाटते. ड्युरँडला सैन्यदलाचा आधार होता, म्हणून २०१९ पासून तो कोलकात्यात पुन्हा उभा राहिला. रोव्हर्सला असा वाली मिळाला नाही.

बाद पद्धतीत एकदा हरलेला संघ घरी जातो. हा मैदानावरचा नियम भाषेच्या स्मृतीला कोणी लावला? एम.ए.च्या प्रबंधांना विषय मिळत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. जुन्या मराठी दैनिकांची क्रीडापाने ग्रंथालयांत आहेत, कूपरेजवर खेळलेली आणि शिट्टी फुंकलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जावे. ती माणसे कोणत्या भाषेत बोलतात, हे दारात विचारू नये.