बिनाकाचे हत्ती आणि बेफिकीर संग्राहक

ज्याच्याकडे बिनाकाची तीनशे खेळणी आहेत आणि त्यातलं एकही कुठल्या घरातून, कुठल्या सुमाराला, कुणाच्या हातून आलं हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मी संग्राहक म्हणायला तयार नाही. तो गिऱ्हाईक आहे. अशी गिऱ्हाइकं नागपुरात वाढत चालली आहेत, पुण्या-मुंबईत तर त्याहून जास्त, आणि त्यांच्या काचेच्या कपाटांचं कौतुक करणारे व्हिडिओ एकामागून एक येत राहतात. मला त्या कौतुकाचा संताप येतो. या मंडळींनी एका पिढीच्या घरगुती इतिहासाचा पुरावा एकेक करून विकत घेतला आणि घेतानाच त्याला मुका करून टाकला.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. साठ-सत्तरच्या दशकांत बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात नळीच्या शेजारी अंगठ्याच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं खेळणं असायचं. हत्ती, जिराफ, घुबड, असे प्राणी-पक्षी. काही एकरंगी, काही दोन रंगांचे तुकडे जोडून केलेले. खोकं उघडेपर्यंत आत काय आहे ते कळायचं नाही, त्यामुळे घरोघरी डबल निघायचे आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत अदलाबदल चालायची. महालातल्या आमच्या गल्लीत पोट्ट्यांचे त्यावरून कडाक्याचे वाद व्हायचे, कारण हत्तीच्या बदल्यात किती घुबडं द्यायची याचा भाव दर आठवड्याला बदलायचा. पेस्ट संपवण्याची मुलांना इतकी घाई असायची की आईला नळी लपवून ठेवावी लागे.

ही पेस्ट विकणाऱ्या सिबा कंपनीनेच रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला प्रायोजित केली होती. १९५२ च्या अखेरीस ती सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज लागायचा आणि देशभर माणसं वही-पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसायची. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, हे ती लिहून ठेवायची. कुणी सांगितलं म्हणून लिहीत नव्हती, त्यांना त्या गाण्यांची कदर होती म्हणून लिहीत होती. त्यामुळे आज १९५३ पासून १९९३ पर्यंतच्या गीतमालेच्या वार्षिक याद्या कुणालाही पाहता येतात. अमुक साली पहिलं गाणं कोणतं, यावरून दोन म्हातारे भांडले तर भांडण कागद दाखवून मिटवता येतं.

आता त्याच कंपनीच्या त्याच खोक्यातल्या हत्तीबद्दल विचारा. तो कुठल्या साली आला? त्याच्या मालिकेत आणखी कोण होतं? साचा कुणी कोरला, ओतकाम कुठल्या कारखान्यात झालं? खोक्यात कंपनीने काही कागद घातला होता का? ज्यांच्या घरात आज ही खेळणी शेकड्यांनी आहेत त्यांना मी हे प्रश्न विचारले आहेत. उत्तरादाखल मला किंमत सांगण्यात आली. कोणता रंग ‘रेअर’ आहे आणि परवा कुणी कितीला घेतला, हे त्यांना तोंडपाठ असतं.

गीतमाला मोठ्यांची होती, म्हणून मोठ्यांनी तिची नोंद ठेवली. खेळणी मुलांची होती, आणि मुलांच्या वस्तूची नोंद ठेवावी असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. दहा वर्षांच्या पोराकडून मी ती अपेक्षा करत नाही. पण ती पोरं आता साठीला आली. त्यांच्यापैकी कुणी हिशेबनीस म्हणून निवृत्त झालं, कुणी शिक्षक, कुणी बँकेतून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी नीट ठेवणारी ही माणसं स्वतःच्या सर्वांत आवडत्या वस्तूबद्दल दोन ओळी लिहीत नाहीत. याला कसलंही निमित्त चालणार नाही.

कंपनीकडे सगळं असेल, असं काहीजण म्हणतात. कुठल्या कंपनीकडे? मूळ स्विस सिबा १९७० मध्ये गायगीशी एक झाली आणि १९९६ मध्ये सँडोझबरोबर तिची नोव्हार्टिस झाली. भारतात पेस्टचं नाव बदलून सिबाका झालं, तो धंदा १९९४ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने घेतला, आणि बिनाका हे नाव वेगळ्याच वाटेने डाबरकडे गेलं. इतक्या हातांतून गेलेल्या धंद्यात टूथपेस्टसोबत फुकट दिलेल्या प्लॅस्टिकच्या जिराफाची फाइल कुणी जपून पुढे दिली असेल, यावर विसंबून राहणं हा आळस आहे. मला भेटलेल्या एकाही संग्राहकाने यांपैकी कुणालाही साधं पत्र लिहिलेलं नाही.

आणि बाजार तर उरलासुरला पुरावाही पुसतो आहे. जुनं घर पाडायला निघालं की माळ्यावरचा पत्र्याचा डबा कबाड्याकडे जातो. त्या डब्यात बिनाकाची खेळणी असतात, त्यांच्याबरोबर गोट्या, मोडका कंपास, शाळेचा बिल्ला, कधी पेस्टच्या खोक्याचं झाकण. हे सगळं एकत्र असतं तेव्हा ते बोलतं. बिल्ल्यावरून शाळा कळते, शाळेवरून साल, सालावरून खेळण्याचा काळ. इतवारीत एका विक्रेत्याने माझ्यासमोर असा डबा टेबलावर उलटा केला, खेळणी वेचून रंगानुसार पुड्यांत भरली आणि बाकीचं कचऱ्यात ढकललं. मी डबा जसाच्या तसा मागितला तर तो म्हणाला, ‘‘ताई, मिक्स माल कोणी घेत नाही.’’ दुसऱ्याच क्षणी त्याने जत्रेत मिळणारे प्राणी, गोळ्यांच्या बरणीतून निघालेले प्राणी आणि अलीकडचा बाहेरचा माल त्याच पुड्यांत मिसळला. आता त्या सगळ्यांवर ‘ओरिजिनल बिनाका’ अशी चिठ्ठी लागते. घेणारा सांध्याची रेघ पाहत नाही, प्लॅस्टिक साच्यात जिथून शिरलं तिथली खूण पाहत नाही, दोन नग शेजारी ठेवून मापही घेत नाही. तो भाव पाडून मागतो, पैसे मोजतो आणि संध्याकाळी फोटो टाकतो. विक्रेता पोट भरतो आहे, त्याच्यावर माझा राग कमी आहे. त्याला ‘मिक्स माल नको’ हे शिकवणाऱ्या शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकावर माझा राग आहे.

या मंडळींचं आवडतं वाक्य म्हणजे ‘आपल्या सगळ्यांचं बालपण’. हे धादांत खोटं आहे. त्या काळच्या नागपुरात पेस्टची नळी किती घरांत होती? राखुंडी होती, काळं दंतमंजन होतं, कडुनिंबाची काडी होती, बायकांच्या बोटाला मिसरी होती. केशव पेंढरकर नागपूर सोडून मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी विको सुरू केली, तेव्हा वज्रदंतीची पावडर दारोदार फिरून विकावी लागली होती. पेस्ट ही पगारदार घरातली वस्तू होती आणि पगारदार घरातही ती महिन्याच्या यादीत आईने खरवडून बसवलेली असायची. आमच्या वर्गात निम्म्या मुलींकडे एकही खेळणं नव्हतं. एक मैत्रीण दुसरीचा गृहपाठ लिहून द्यायची आणि बदल्यात घुबड घ्यायची. तिच्या घरी मंजनच होतं. ती गोष्ट मला कुठल्याही कपाटाच्या व्हिडिओत दिसलेली नाही. कुठल्या वस्तीत ही खेळणी पोचली आणि कुठल्या वस्तीत पोचली नाहीत, एवढं जरी आपण प्रामाणिकपणे लिहिलं तरी नागपूरच्या मध्यमवर्गाचा नकाशा हाती येईल. ‘सगळ्यांचं बालपण’ म्हणणारा माणूस तो नकाशा फाडतो.

इतक्या क्षुल्लक वस्तूसाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं मला सुनावणारे आपल्याच गावातल्या अजब बंगल्यात शेवटचे कधी गेले होते? १८६३ साली स्थापन झालेलं हे आपलं मध्यवर्ती संग्रहालय. १८७० मध्ये बालाघाटकडच्या गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर ताम्रयुगातली ४२४ तांब्याची हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यातली काही नागपूरच्या वाट्याला आली, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. पांगापांग झाली तरी तो साठा आज एकसंध अभ्यासता येतो, कारण सापडला त्याच वेळी नग मोजले गेले, जागा लिहिली गेली, बरोबर काय निघालं ते टिपलं गेलं. तेच नग सुटे-सुटे करून भांड्यांच्या बाजारात वजनावर विकले असते तर आज ती नुसती मोड ठरली असती.

क्षुल्लकपणाचा प्रश्न तर पुण्याच्या दिनकर केळकरांनी कधीच निकालात काढला आहे. अडकित्ते, वज्री, समया, दऊती, स्वयंपाकघरातली भांडी, हे त्यांनी वाड्यावाड्यांतून गोळा केलं तेव्हा लोकांना ते अडगळीतलंच वाटत होतं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज तेच पाहायला माणसं तिकीट काढतात. प्लॅस्टिक स्वस्त, म्हणून त्याला इतिहास नाही, असं मानणाऱ्याने विसाव्या शतकातल्या आपल्या घरांत हाताला सगळ्यात जास्त काय लागत होतं ते आठवून पाहावं.

काहीजण म्हणतील, नोंद नसली तरी आठवण राहते. काही वस्तूंची राहते, कारण गाव ती वापरात ठेवतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा मागत फिरतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांपासून ही प्रथा चालत आल्याचं सांगतात. घरचा नंदी कुणाच्या आजोबांनी कुठल्या सुताराकडून करून घेतला हे नातवाला माहीत असतं, कारण दरवर्षी तो खाली काढताना कुणीतरी ते सांगतं. त्या नंदीला वही लागत नाही. बिनाकाच्या हत्तीला सण नाही, मिरवणूक नाही, त्याला खाली काढून त्याची गोष्ट सांगण्याचा दिवस ठरलेला नाही. त्याच्यासाठी कागद हा एकच आधार आहे.

जर्मनीतले लोक फेरेरोच्या चॉकलेटच्या अंड्यांतल्या खेळण्यांच्या जाडजूड सूच्या छापतात. १९७४ पासूनची मालिका, प्रत्येक नग, त्यासोबतची चिठ्ठी, सगळं त्यांत असतं. त्याच फेरेरोचा कारखाना २०११ पासून आपल्या बारामतीत आहे. आजच्या पोराच्या किंडर जॉयमधल्या खेळण्यासोबत सांकेतिक क्रमांक येतो. उद्या त्याचा माग काढता येईल. आमच्या हत्तीचा माग फक्त जिवंत माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसं भराभर जात आहेत.

खेळणीही फार काळ थांबणार नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर प्लॅस्टिकचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. उन्हाने रंग उडतो, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, सोंड आणि पाय आधी तुटतात. त्यात संग्राहक ती मऊ, चकचकीत पीव्हीसीच्या पाकिटांत भरतात. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात मिसळलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि आतलं खेळणं कडक पॉलिस्टायरीनचं असेल तर त्याचा पृष्ठभाग मऊ पडून पाकिटाला चिकटतो. दिव्याच्या झोतात ठेवलेली काचेची कपाटंही तेवढीच घातक आहेत. ज्या वस्तूसाठी हजारो रुपये मोजले तिच्यासाठी आम्लरहित कागद आणि अंधारा खण एवढंही करायची तयारी नसेल, तर प्रेमाची भाषा बंद करावी.

मी प्रत्येक खेळण्यामागे एक पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवते. कुठल्या मोहल्ल्यातलं घर, देणाऱ्याला ते साधारण कुठल्या इयत्तेत मिळालं, घरात पेस्ट कोण वापरायचं, पेस्ट कुठल्या दुकानातून यायची, डब्यात सोबत काय होतं. जिथे ठाऊक नाही तिथे जागा कोरी. यासाठी पैसा लागत नाही. देणाऱ्याशेजारी बसून चहा संपेपर्यंत बोलावं लागतं. नागपुरातल्या दहा-वीस जणांनी जरी अशा चिठ्ठ्या केल्या आणि एकमेकांच्या पडताळून पाहिल्या, तर मालिका जुळू लागतील, खोटा माल आपोआप उघडा पडेल, आणि अजब बंगल्याच्या दारात जाऊन एक खण मागायला आपल्याकडे तोंड असेल. नोंद नसलेली पिशवी घेऊन गेलो तर त्यांनी नाही म्हणावं, आणि ते बरोबरच ठरेल.

तोवर माझी मागणी साधी आहे. डबा फुटण्याआधी त्याचा फोटो घ्या. विकणाऱ्याला घराचा मोहल्ला विचारा आणि सांगणाऱ्याला चार पैसे जास्त द्या. घरात ऐंशीच्या पुढची आई किंवा मावशी असेल तर तिला याच आठवड्यात विचारा, कारण पेस्ट कोणती आणायची हे तिने ठरवलं होतं, तुम्ही नाही. आणि एवढंही करायचं नसेल तर दुसऱ्यांच्या घरातले डबे विकत घेणं थांबवा. ते माळ्यावर राहिले तर निदान एकत्र तरी राहतील.