काझीपद स्त्रियांना का नाकारायचे?

मुस्लिम स्त्रियांनी मशिदीत नमाज पढण्याचा, काझी होण्याचा किंवा शरियतचा अर्थ स्वतः लावण्याचा हक्क मागितला की दोन टोकांकडून एकच सूर ऐकू येतो. अनेक मौलवी म्हणतात, ही बाहेरून आलेली टूम आहे, आमच्या परंपरेत तिला जागा नाही. इस्लामवर कडक टीका करणारेही म्हणतात, या धर्मात बाईच्या शब्दाला कधी किंमतच नव्हती, मग तिथे मागून मिळणार काय? एरवी हे दोन्ही पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण इतिहासाबद्दल त्यांचा समज सारखाच आहे आणि तो चुकीचा आहे.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या आठव्या शतकातील ग्रंथात मदिनेतल्या एका खटल्याची नोंद आहे. लोखंडी अंगठ्या चोरल्याबद्दल एका माणसाला पकडले होते आणि अबू बक्र इब्न हज्म या अधिकाऱ्याने त्याचा हात तोडायचे ठरवले होते. अमरा बिन्त अब्दुर्रहमान यांनी त्याला निरोप धाडला की, चोरीचा माल पाव दिनारपेक्षा कमी किमतीचा असेल तर ही शिक्षा देता येत नाही. त्याने त्या माणसाला सोडून दिले. अमरा या प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांच्या हाताखाली तयार झालेल्या. पुढे खलिफा उमर इब्न अब्दुल अझीझ यांनी हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या आठवणी, लिहून काढायचा हुकूम केला, तेव्हा अमरा यांच्याजवळच्या हदीस नोंदवून घ्यायला मुद्दाम सांगितले. अमरा यांच्याकडे कसलेही पद नव्हते. तरी कायद्याच्या प्रश्नावर त्यांचा शब्द अधिकाऱ्याने मानला, आणि एका माणसाचा हात वाचला.

अशी नावे पुढेही सापडतात. दमास्कसमध्ये उम्म अद्-दर्दा यांच्या अध्यापनाला खुद्द खलिफा अब्दुल मलिक येऊन बसत. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल्-मरवझिया ‘सहीह बुखारी’ हा हदीससंग्रह शिकवत, आणि बगदादचे ख्यातनाम विद्वान खतीब अल्-बगदादी यांनी तो ग्रंथ त्यांच्याकडे वाचला. पंधराव्या शतकातील सखावी यांनी आपल्या चरित्रकोशाचा शेवटचा खंड स्त्रियांसाठी राखून त्यात हजाराहून अधिक जणींची नोंद केली. त्या सगळ्याच विदुषी नव्हत्या, पण कित्येकींच्या नोंदीत त्या काय शिकल्या हे स्पष्ट दिले आहे. आपल्या काळात जौनपूरला जन्मलेल्या आणि लखनौच्या नदवत-उल-उलेमात शिकलेल्या मोहम्मद अक्रम नदवी यांनी हदीस-विदुषींचा 43 खंडांचा अरबी चरित्रकोश सिद्ध केला. हे काम एका परंपरानिष्ठ आलिमाने केले आहे, म्हणून ‘बाहेरची टूम’ हा आरोप इथे टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की या स्त्रियांनी फक्त पाठांतर केले, अर्थ लावला तो पुरुषांनी. अमरा यांचा निवाडा हेच त्याचे उत्तर आहे. बाराव्या शतकातील फातिमा समरकंदी यांच्याबद्दल चरित्रकार सांगतात की त्यांच्या घरातून निघणाऱ्या फतव्यांवर वडिलांबरोबर त्यांचीही सही असे, आणि पती अल्-कासानी हे स्वतः मोठे हनफी विद्वान असूनही त्यांच्या चुका त्या दुरुस्त करत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या बहुतेक जणी विद्वानांच्या घरच्या लेकी-सुना होत्या, सामान्य स्त्रीला यातले काही मिळाले नाही. हे खरेच आहे. पण त्यावरून एवढेच ठरते की अडचण शिक्षण हाती येण्याची होती, धर्माच्या मनाईची नव्हती.

खरी मेख कुठे आहे, हे मदरशांच्या इतिहासात दिसते. गुरूने शिष्याला स्वतः दिलेल्या परवानगीवर ज्ञान चालत असे, तेव्हा गुरू बाई आहे की पुरुष याने फरक पडत नसे. पुढे मदरशांत वेतन आणि वक्फचे उत्पन्न असलेली अध्यापकाची जागा निर्माण झाली, ती मात्र स्त्रियांच्या वाट्याला जवळजवळ कधीच आली नाही. सलाहुद्दीनची बहीण सित्त अश्-शाम हिने दमास्कसमध्ये स्वतःच्या पैशाने मदरसे उभारले, पण तिथे शिकवायला नेमले जात ते पुरुष. स्त्रीला विद्वत्ता मिळाली, पद मिळाले नाही, आणि आजचा पेच नेमका तोच आहे. मुलींच्या मदरशांतून आलिमा होऊन मुली बाहेर पडतात, पण दारुल कझात, म्हणजे काझीच्या न्यायपीठात, निवाडा द्यायला पुरुषच बसतो.

काही पुरोगामी मित्र विचारतील, संविधान असताना हा परंपरेचा आधार कशाला? समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1966 मध्ये मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा नेला, तो नागरिक म्हणून हक्क मागायला. तो मार्ग मला पूर्णपणे मान्य आहे. एका दमात दिला जाणारा तिहेरी तलाक 2017 मध्ये रद्द झाला तोही न्यायालयातच. पण निकाह लावणारा, मेहरची रक्कम लिहिणारा, भांडणात पहिला सल्ला देणारा माणूस मोहल्ल्यातच असतो, आणि बहुतेक बायका आधी त्याच्याकडे जातात. तिथे कोण बसते याला महत्त्व आहे. पुण्यातील एका दांपत्याने मशीदप्रवेशासाठी 2019 मध्ये याचिका केल्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात मान्य केले की स्त्रियांना मशिदीत नमाजाला मज्जाव नाही. मग बोर्डाने पुढचे पाऊलही टाकावे: आलिमा झालेल्या स्त्रियांना फतवा देण्याचे प्रशिक्षण खुले करावे आणि प्रत्येक दारुल कझात किमान एका स्त्रीची निवाडा देण्याच्या अधिकारासह नेमणूक करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक