लहान यंत्रांचीं प्रदर्शनें : कोणतीं पाहावीं ?

सुटी जवळ आली म्हणजे प्रदर्शनांच्या जाहिराती येऊं लागतात, आणि घरोघर एकच प्रश्न निघतो : मुलांना तेथें न्यावें कीं न न्यावें ? गाडीभाडें, प्रवेशाचे पैसे, वर दिवसभराच्या खाण्यापिण्याचा खर्च, हें सारें पालकांच्या खिशांतून जावयाचें असल्यामुळें हा प्रश्न त्यांनीं विचारावा हें योग्यच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तो बहुधा भलत्याच बाजूनें विचारला जातो. मंडप केवढा आहे, दुकानें किती आहेत, वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें होतें कीं नाहीं, याची चौकशी होते. पण तेथें मांडलेलें यंत्र चालतें काय, आणि ज्यानें तें घडविलें तो मनुष्य त्यापाशीं उभा असतो काय, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें पाहण्यासारख्या व न पाहण्यासारख्या प्रदर्शनांतील सारा भेद या दोन प्रश्नांत आहे.

हा विषय घेण्याचें कारण असें कीं, आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांतील कोणी ना कोणी हल्लीं नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतें, आणि सुटींत आईबाप मुलांसह त्यांच्याकडे जातात. इंग्लंड म्हणजे तर लहान यंत्रांचें माहेरघर. ‘मॉडेल इंजिनियरिंग’ नांवाचा एक छंद तेथें आहे. छंद म्हटला कीं आपणांस पोस्टाचीं तिकिटें आठवतात. परंतु हा छंद करणारा गृहस्थ घरामागच्या खोलींत लेथ मांडतो, ओतीव भाग आणून ते कांततो, तांब्याच्या पत्र्याला चांदीचा डाक देऊन बॉयलर तयार करतो, आणि चारपांच, क्वचित् दहापंधरा वर्षांनीं त्याच्या हातून आगगाडीचें एक इंजिन बाहेर पडतें. तें मेजावर मावेल एवढेंच असतें. पण त्यांत खरा कोळसा जळतो, खरी वाफ होते, आणि तें मागें माणसें बसवून त्यांना ओढून नेतें.

पर्सिव्हल मार्शल या गृहस्थानें १८९८ सालीं अशा कारागिरांसाठीं ‘मॉडेल इंजिनियर’ हें पत्र काढलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें त्यांची मंडळी स्थापन झाली, आणि १९०७ सालीं त्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन त्या शहरांत भरलें. गंमत अशी कीं, त्याच १९०७ सालीं आपल्याकडे नेरळहून माथेरानची गाडी डोंगर चढूं लागली. त्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट. तिला आपण लहान म्हणून कौतुकानें पाहतों. या छंदांतील रूढ अंतरें ३॥, ५ आणि ७। इंच आहेत ! यावरून प्रमाणाची कल्पना यावी.

यंत्र चालतें काय, हा प्रश्न आम्ही पहिला कां धरतों, तें आतां सांगतों. १७६३ सालच्या हिंवाळ्यांत ग्लासगो विद्यापीठांतील एक लहानसें यंत्र दुरुस्तीसाठीं जेम्स वॅट याच्या हातीं आलें. खाणींतील पाणी उपसणाऱ्या न्यूकमेनच्या प्रचंड इंजिनाची ती प्रतिकृति वर्गांत दाखविण्याकरितां केलेली होती. तिच्या नळकांड्याचा व्यास अवघा २ इंच. वॅटनें ती नीट केली व बॉयलर पेटविला. पण दट्ट्याचे चार हेलपाटे झाले न झाले तोंच वाफ संपे व यंत्र थांबे. भाग तर सगळे जागच्या जागीं होते, आणि याच धर्तीचीं मोठीं इंजिनें खाणींवर रात्रंदिवस चालत होतीं. मग हेंच कां अडावें ?

याचें उत्तर आमच्या सातवीआठवींतील विद्यार्थ्यांनाही काढतां येईल. एखाद्या नळकांड्याची लांबी, रुंदी व उंची दहावा हिस्सा केली तर त्याच्या भिंतींचें क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा होतें, परंतु आंतील पोकळी हजारावा हिस्सा होते. म्हणजे तेवढ्याच वाफेच्या वांट्याला थंड भिंत दसपट येते. वॅटच्या यंत्रांतील वाफ दट्ट्या हलविण्याऐवजीं भिंती तापविण्यांतच जिरून जात होती. तो एवढ्यावर थांबला नाहीं. त्यानें मोजमापें घेतलीं, आणि मोठ्या इंजिनांतही हीच उधळपट्टी थोड्या प्रमाणांत चालू आहे हें त्यास उमगलें; कारण तेथें प्रत्येक हेलपाट्याला नळकांडें गार पाण्यानें निववावयाचें आणि लगेच पुन्हां वाफेनें तापवावयाचें, असा प्रकार होता. १७६५ सालीं वाफ निराळ्या पात्रांत थंड करण्याची युक्ति त्यास सुचली व १७६९ सालीं तिचें पेटंट मिळालें. तें लहानसें यंत्र आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत आहे. विद्यापीठानें तें पुसूनपासून नुसतें कपाटांत ठेवलें असतें, तर तें अडतें हेंच मुळीं कोणास कळलें नसतें.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, नुसतें झळकणारें यंत्र अर्धेंच सांगतें. १९२० नंतरच्या वर्षांत इंग्लंडांतील या मंडळींत बॉयलरांवरून मोठा वाद माजला होता. एवढ्याशा इंजिनांत कोळसा नीट जळणारच नाहीं, त्याला स्पिरिटचाच दिवा पाहिजे, असें एका पक्षाचें म्हणणें. ‘एल्. बी. एस्. सी.’ या आद्याक्षरांनीं लिहिणाऱ्या एका कारागिरानें २॥ इंची रुळांवर कोळशाचें इंजिन चालवून त्यामागें मोठीं माणसें ओढून दाखविलीं. वाद लेखणीनें रंगला खरा, पण मिटला तो रुळांवर.

तर मग कांचेआडच्या यंत्रांकडे पाहूंच नये काय ? तसेंही नाहीं. चेरी हिल या बाईंनीं एकोणिसाव्या शतकांतील वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या व नांगरटीच्या इंजिनांच्या प्रतिकृति सोळाव्या हिश्शानें घडविल्या. मूळ यंत्रें बहुतेक नाहींशीं झालेलीं, तेव्हां जुने कागद व नकाशे धुंडाळून त्यांनीं स्वतः आराखडे काढले. ड्यूक ऑफ एडिंबरोच्या नांवाचें मानाचें पारितोषिक त्यांस अनेकदां मिळालें, आणि त्यांचीं यंत्रें लंडनमधील यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेच्या संग्रहीं आहेत. असें काम कांचेआडूनही डोळे भरून पाहावें. लेथवर उभें राहणें हें मुलग्यांचें काम, असें ज्या घरांत अजून मानलें जातें, तेथील आईबापांनीं तर मुलीला घेऊन तें मुद्दाम पाहावें.

दुसरा प्रश्न कारागिराचा. प्रदर्शनांत यंत्रामागें कोणी उभें नसेल, नुसती चिठ्ठी लावलेली असेल, तर मुलानें काय करावें ? चिठ्ठी वाचावी आणि पुढें जावें. पण तेथें एखादे वृद्ध गृहस्थ, हाताला तेल लागलेले, उभे असले तर गोष्ट निराळी. अशा वेळीं आमच्या विद्यार्थ्यांनीं ‘हें करावयास किती दिवस लागले’ एवढेंच विचारून थांबूं नये. तो प्रश्न त्यांस दिवसांतून शंभर वेळां ऐकावा लागतो. ‘मूळ इंजिनापासून आपण कोठें फारकत घेतली, आणि कां ?’ असें विचारावें. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरांत शंभरांवर नळ्या असतात. २ इंच व्यासाची नळी बाराव्या हिश्शानें केली तर ती इंचाच्या सहाव्या भागाएवढी होते आणि काजळीनें तुंबून जाते. सबब जाणता कारागीर थोड्या पण जाड नळ्या घालतो. वॅटला भोंवलेलें गणित तें हेंच. ज्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येतें त्यानें यंत्र खरोखर घडविलें. ज्याला येत नाहीं त्यानें तें विकत घेऊन रंगविलें असण्याचा संभव आहे, कारण तयार इंजिनें बाजारांत मिळतात. संगणकावर चालणारा लेथ वापरला म्हणून नाक मुरडणारे जुने लोक आहेत. त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. आराखडा कोणी काढला, एवढें विचारावें म्हणजे झालें.

आतां मोठ्या व लहान प्रदर्शनांविषयीं. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें, वॉरिकशायरमध्यें लेमिंग्टन स्पानजीक, अशा ठिकाणीं मोठीं प्रदर्शनें भरत आलीं. एकाच छपराखालीं निरनिराळ्या मंडळांचें उत्तम काम पाहावयास मिळतें, हा त्यांचा गुण. परंतु बरीचशी जागा हत्यारें, पत्रे व स्क्रू विकणाऱ्या दुकानांनीं व्यापलेली असते. कारागिरांना तीं दुकानें हवींच असतात, पण दहा वर्षांचें मूल तेथें तासाभरांत कंटाळतें आणि मग खेळण्यासाठीं हट्ट धरतें. शिवाय बंद दिवाणखान्यांत विस्तव पेटवितां येत नसल्यामुळें यंत्रें बहुधा दाबलेल्या हवेवर फिरवितात. यांत फसवणूक नाहीं, विचारलें तर ते स्वतःच सांगतात; पण वाफेचा वास नाहीं, पाण्याची कुरकुर नाहीं, आणि यंत्र खरें कामाला जुंपलें म्हणजे कसें धापा टाकतें तेंही दिसत नाहीं.

त्यापेक्षां आमचें मत त्याच देशांतील गांवोगांवच्या मंडळांच्या बाजूनें पडतें. उन्हाळ्यांत पुष्कळ मंडळें रविवारीं एखाद्या बागेंतील आपल्या रुळांवर गाड्या चालवितात व थोड्या पैशांत मुलांना बसवितात. जाहिरात नाहीं, कमान नाहीं. पण तेथें सकाळीं लवकर गेलें तर इंजिन पेटवितांना पाहतां येतें. वाफ तयार व्हावयास अर्धा तास तरी लागतो, आणि त्या अर्ध्या तासांत चालकाला दुसरें विशेष काम नसल्यामुळें तो मुलांशीं मोकळेपणानें बोलतो. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबानें, आंत नुसतें पाणी भरून, तपासण्याचा तेथें प्रघात आहे. वाफेऐवजीं पाणीच कां, हेंही विचारून घ्यावें. पालकांस एक सूचना : त्या दिवशीं मुलांना नायलॉनचे कपडे घालूं नयेत, धुराड्यांतून ठिणग्या उडतात. ज्यांस एकच दिवस मोकळा आहे त्यांनीं मोठें प्रदर्शन सोडून अशा बागेंत जावें, असें आम्ही बेधडक सांगतों.

ज्यांस समुद्रापार जावयाचें नाहीं, अर्थात् आपल्यापैकीं बहुतेकांस, त्यांच्यासाठीं पुण्यास कोथरूडमध्यें भाऊसाहेब जोशी यांनीं उभें केलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय आहे. तें १९९८ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. तेथील गाड्या विजेवर चालतात, वाफेवर नव्हे. तेव्हां काटेकोरपणें तें मॉडेल इंजिनियरिंग नव्हे. पण एका माणसाच्या ध्यासांतून निघालेलीं चालतीं यंत्रें तेथें आहेत, सिग्नल व सांधे कसे बदलतात हें डोळ्यांसमोर दिसतें, आणि आमच्या पहिल्या कसोटीस तें पूर्णपणें उतरतें.

राहतां राहिलें आपल्या शाळांमधून भरणारें विज्ञानप्रदर्शन. तेथें थर्माकोलचे ज्वालामुखी आणि थर्माकोलचींच धरणें ओळीनें मांडलेलीं असतात. (सजावटीच्या थर्माकोलवर या राज्यांत २०१८ सालीं बंदी आली, ती ज्वालामुखीपर्यंत पोंचलेली दिसत नाहीं.) त्यांतील पुष्कळशीं आदल्या रात्रीं वडिलांनीं चिकटविलेलीं असतात, कांहीं तर दुकानांतून आणलेलीं असतात, आणि तें परीक्षकांस, शिक्षकांस व मुलांसही ठाऊक असतें. वरील दोन प्रश्न तेथें विचारले तर किती मेजें रिकामीं होतील ? आमची सूचना अशी कीं, पुढील वर्षीं चालणाऱ्या वस्तूंनाच जागा द्यावी, मग ती सायकलच्या जुन्या चाकाची पवनचक्की कां असेना. आणि करतांना जो भाग प्रथम फसला, वांकला किंवा जळला, तो टाकून न देतां त्याच मेजावर, चालत्या वस्तूच्या शेजारीं ठेवावा. परीक्षकांनीं प्रथम तो उचलून पाहावा.