बिनपत्त्याचे मुख्य कार्यालय

मी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे खोटी माणसे उभी करून त्यांच्यासाठी वाचकांकडून खरे अश्रू वसूल करणे हा माझा जोडधंदा आहे. पण या धंद्यालाही काही रीतभात आहे. नायकाला मी कचेरीत पाठवला, तर ती कचेरी कोणत्या गल्लीत, तिला जिने किती, दाराशी शिपाई कोण, हे मला ठाऊक असावे लागते. नसले, की कोणी तरी चौकस वाचकभगिनी पत्र टाकून माझे कान उपटते.

म्हणूनच ॲपल या अमेरिकन कंपनीच्या आयर्लंडमधील कराची हकीगत जेव्हा मी वाचली, तेव्हा माझ्यातला शाळामास्तर संतापण्याआधी माझ्यातला कादंबरीकार ओशाळला. त्या हिशेबात एक 'मुख्य कार्यालय' होते. त्याला जागा नव्हती, नोकर नव्हते, दाराला पाटी नव्हती. दारच नव्हते, तर पाटी कोठली! तरीही २०११ या एका वर्षात सुमारे १६०० कोटी युरोंच्या नफ्यातला जवळजवळ सगळा वाटा या कार्यालयाच्या नावे लागला. आणि आयर्लंडच्या कर-खात्याने एकही प्रश्न न विचारणाऱ्या वाचकासारखी मान डोलावली!

झाले होते ते असे. कंपनीने १९८० साली आयर्लंडमधील कॉर्क शहरी कारखाना थाटला. पुढे युरोपात फोन पॅरिसच्या दुकानात विकला जावो की रोमच्या, कागदोपत्री तो विकणारी आयर्लंडमध्ये नोंदलेली एक पोटकंपनी असे, आणि नफा तिच्याच वहीत जमा होई. मग त्या वहीतच वाटणी व्हायची. चिमूटभर आयर्लंडच्या शाखेला, बाकीचे पोतेच्या पोते त्या अदृश्य कार्यालयाला. २०११ साली शाखेच्या वाट्याला आले ५ कोटी. त्यांवरचा कर एक कोटीहूनही कमी. या वाटणीला कर-खात्याची १९९१ आणि २००७ साली संमती मिळालेली होती.

बरे, उरलेल्या नफ्यावर कर कोणी घ्यायचा? अमेरिकेचा कायदा विचारी, कंपनी नोंदली कोठे? आयर्लंडात. मग आमची नव्हे. आयर्लंडचा कायदा त्या काळी विचारी, कारभार कोठून चालतो? अमेरिकेतून. मग आमचीही नव्हे! घरात मरण नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, असा वर मिळवायला हिरण्यकशिपूला घोर तप करावे लागले होते. इथे चांगले हिशेबनीस पुरले.

कराचा प्रत्यक्ष दर २००३ साली एक टक्का पडत होता. २०१४ साली तो ०.००५ टक्क्यावर उतरला. हे गणित मी सातवीच्या फळ्यावर घातले. दहा लाखांवर या दराने कर किती? एका हुशार मुलाने पन्नास काढले, आणि खोडून पाच हजार लिहिले. विचारले, तर म्हणतो, "सर, पन्नास कसे असतील? माझीच शून्ये चुकली असणार." त्या पोराची शून्ये चुकली नव्हती.

महाराष्ट्र सरकार माझ्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापून घेते, वर्षाचे २५००. कंपनीच्या २०१४ च्या दराने एवढा कर भरायचा, तर माझी कमाई ५ कोटी हवी. व्यवसाय कर वेगळा आणि नफ्यावरचा कर वेगळा, हे मला कळते. पण माझा कर माझ्या हाती येण्याआधी कापला जातो, आणि माझ्या पगाराला 'मुख्य कार्यालय' नाही, हेही मला कळते.

माझा भाचा हिंजवडीत इंजिनियर आहे. मी मॅट्रिक. तो म्हणाला, "मामा, त्यांनी सगळे सरकारला विचारून केले. तुम्ही नाही का दर फेब्रुवारीत ८०सीच्या पावत्या गोळा करत धावत?"

धावतो ना! पण ती दीड लाखाची सवलत पुस्तकात छापलेली आहे. ती मला आहे, तशीच माझ्या मुख्याध्यापकांना आहे आणि एखाद्या गिरणीमालकालाही तेवढीच आहे. आयर्लंडने कंपन्यांवर साडेबारा टक्के कर ठेवला, याला माझी काडीचीही हरकत नाही. एखादा देश आपला माल स्वस्त विकतो, तसा कर स्वस्त ठेवील. पण तो दर कॉर्कमधल्या एखाद्या लहानशा कंपनीला लागू, आणि जगातल्या बड्या धेंडासाठी आतल्या खोलीत वेगळी वाटणी, हे कोणत्या दुकानदारीत बसते? ती लहान कंपनी उद्या कर-खात्यात गेली आणि म्हणाली, माझा नफा एका अदृश्य कार्यालयाने मिळवला आहे, तर तिला वेड्याच्या डॉक्टरचा पत्ता देतील.

कंपनीने कॉर्कला हजारो नोकऱ्या दिल्या, हे खरे आहे. मी ते नाकारीत नाही. पण त्या नोकरांच्या पगारांवर कर होताच की! सूट मिळाली ती त्यांच्या मालकाला.

आणि त्याच काळात त्या देशाचे काय चालले होते? बँका बुडाल्या. २०१० च्या आरंभी सरकारी नोकरांचे पगार कापले गेले. त्यांत शिक्षक आले. वर्षअखेरीस ८५०० कोटी युरोंच्या मदतीच्या योजनेवर सही करावी लागली. २०१४ साली घरगुती पाण्यावर पट्टी बसवली, तेव्हा माणसे रस्त्यावर उतरली. पाण्याची पट्टी आणि ०.००५ टक्के, साल एकच!

अखेर उंबरठ्यावर नरसिंह प्रकटला, तो एका डॅनिश बाईच्या रूपाने. युरोपीय आयोगाच्या मार्गरेट व्हेस्टेगर यांना आयर्लंडचे कराचे दर ठरवण्याचा अधिकार नव्हता. पण सरकारने एकालाच छुपी मदत द्यायची नाही, असा तिकडे कायदा आहे. त्या दाराने त्या आत शिरल्या आणि ३० ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी हुकूम सोडला, १३०० कोटी युरोंपर्यंत थकलेला कर व्याजासह वसूल करा.

आयर्लंडचे सरकार म्हणाले, आम्हाला नको! आणि कंपनीच्या जोडीने तेही कोर्टात गेले. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाणारा कपाळकरंटा आपल्या म्हणीत आहे. लक्ष्मीवर फिर्याद ठोकणारा मी हा पहिलाच पाहिला. एकाकडून पुरता कर घेतला, तर बाकीच्या परदेशी कंपन्या बिथरतील ही धास्ती. ज्या सरकारला मास्तरांचे पगार कापताना मास्तर बिथरतील ही धास्ती पडली नाही, त्याचे हे बोलणे!

पैसे एका राखीव खात्यात पडून राहिले. २०२० साली खालच्या कोर्टाने आयोगाचा हुकूम रद्द केला. १० सप्टेंबर २०२४ रोजी वरच्या कोर्टाने तो कायम केला, आणि त्यावर अपील नाही. नको नको म्हणत आयर्लंडच्या पदरात व्याजासह सुमारे १४०० कोटी युरो पडले.

"म्हणजे शेवटी मिळाले ना, मामा?" भाच्याने विचारले.

मिळाले, पण २००३ ते २०१४ पर्यंतचे. नियम असा, की चौकशीचे पहिले पत्र गेले त्याच्या दहा वर्षांपलीकडे मागे जाता येत नाही, आणि पत्र गेले २०१३ साली. पहिली संमती आहे १९९१ ची. मधली बारा वर्षे त्या बिनपत्त्याच्या कार्यालयाकडेच राहिली.