तटरक्षणासाठी टिल्टरोटर : कसोटी कशाची?

टिल्टरोटरचे रोटर आकाशाकडे वळवले की ते हेलिकॉप्टरसारखे जागच्या जागी उठते, समोर झुकवले की विमानासारखे पंखांच्या आधारे उडते. तटरक्षक दलाला या दोन्ही क्षमता हव्या असतात. त्यामुळे त्याची पारख मोहिमेच्या क्रमानेच व्हायला हवी: पोहोचणे, उचलणे, परतणे.

पोहोचण्यात त्याची सरशी निर्विवाद आहे. अमेरिकी तटरक्षक दलाचे जेहॉक हेलिकॉप्टर ३०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५५ किमी समुद्रात आत जाऊन ४५ मिनिटे थांबते आणि सहा जणांना उचलून आणू शकते. ताशी २६० किमी वेगाने तिथवर जायला दोन तासांहून अधिक लागतात. ताशी ५०० किमीच्या एडब्ल्यू-६०९ या टिल्टरोटरला तासाहून थोडे जास्त. पाच ते दहा अंशांच्या पाण्यात माणसाची अर्ध्या ते एका तासात शुद्ध हरपू शकते, तिथे वाचलेला तास मोलाचा आहे. मात्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किमीवरच्या मुंबई हाय तेलक्षेत्रासाठी हीच बचत वीस मिनिटांच्या आत राहते. फायदा अंतरावर ठरतो.

उचलण्याची गोष्ट वेगळी. टिल्टरोटरचे रोटर लहान असतात, त्यामुळे भार पेलताना हवेचा झोत जोरदार होतो. पूर्ण भारावर जेहॉकच्या रोटरच्या दर चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो भार येतो, एडब्ल्यू-६०९च्या ७७, तर व्ही-२२ ऑस्प्रे या लष्करी टिल्टरोटरच्या ११० हून अधिक. या झोताखाली पाण्याचे तुषार बुडणाऱ्याच्या नाकातोंडात जातात, रिकामा होत आलेला तराफा उलटतो. झोत टाळायला उंची वाढवावी, तर होइस्टची, म्हणजे माणसाला वर ओढणाऱ्या यंत्राची, तार लांबते आणि टोकाचा माणूस झोके घेऊ लागतो.

परतण्याचा विश्वास गिअरबॉक्सवर टिकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ ऑस्प्रे कोसळून आठ जण दगावले. कारण गिअरबॉक्समधील बिघाड. थांबवलेली उड्डाणे मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, ती उतरण्याजोग्या धावपट्टीपासून ३० मिनिटांच्या आत राहण्याच्या अटीवर. खोल समुद्रातील बचावाला ही अट मुळातच गैरसोयीची आहे. शिवाय फिरत्या रोटरसह ऑस्प्रेची रुंदी सुमारे २६ मीटर, जेहॉकच्या रोटरचा व्यास १६ मीटर. गस्ती जहाजाच्या डेकवर हा फरक निर्णायक ठरतो.

पूर्वानुभवही सावध करणारा आहे. अमेरिकी तटरक्षक दलानेच डीपवॉटर या आधुनिकीकरण कार्यक्रमात ईगल आय हे मानवरहित टिल्टरोटर निवडले होते. २००६ मध्ये त्याचा नमुना कोसळला आणि पुढच्या वर्षी निधी थांबला. एडब्ल्यू-६०९ २००३ मध्ये पहिल्यांदा उडाले, तरी वीस वर्षांनंतरही त्याला नागरी प्रमाणपत्र मिळाले नव्हते.

म्हणून खरेदीआधी चाचणी खवळलेल्या समुद्रात, तराफ्यावर, पाण्यातील पुतळ्यावर आणि डुलत्या डेकवर व्हावी. झोताचा वेग, होइस्टला लागलेला वेळ, एक इंजिन बंद पडल्यावर हवेत तरंगण्याची क्षमता आणि दर उड्डाणतासामागचे देखभालीचे तास मोजावेत. या चारही कसोट्यांना ते उतरले, तर दूरच्या बचावासाठी टिल्टरोटर घ्यावे. जवळच्या कामाला हेलिकॉप्टर आणि दीर्घ शोधाला साधे विमान हीच विभागणी रास्त ठरेल.