विंचवाच्या विषावर उतारा

कुरुमपासून जवळच असलेल्या मस्कत येथे १९व्या शतकात डॉ. आत्माराम जयकर यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. त्यांच्या प्राणिसंग्रहाच्या कार्याची स्मृती म्हणून ओमानमधील विंचवाच्या एका जातीस त्यांचे नाव लाभले. विंचवाच्याच अभ्यासाने पुढे आणखी एक वैद्य जगन्मान्य झाले. ते म्हणजे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर.

सध्याच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात १९५१ साली जन्मलेले बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. ज्या कोकणातून अनेकांचे पूर्वज करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेले, तेच हे कोकण. तेथे अनवाणी राबणाऱ्या मजुरास लाल विंचू डसला, की विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाकडे धाव घेतली जाई. सौम्य दंश आपोआप बरा होई व श्रेय मंत्रास मिळे. गंभीर दंशाचा रोगी दगावला, तर दोष नशिबास.

बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या व थंड पडणारे हातपाय यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. मृत्यू हृदयावरील ताणाने व फुप्फुसांत पाणी साचल्याने ओढवतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. विषामुळे आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध योजिले. गंभीर दंशात पूर्वी शेकडा ३० ते ४० रोगी दगावत. ते प्रमाण शेकडा १ च्या घरात आले.

एवढ्या यशानंतर स्वतःच्या उपायावर शंका कोण घेईल? बावस्करांनी ती घेतली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास अधिक लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी ७० रोग्यांचे यदृच्छेने दोन गट केले. १० तासांत केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले. दोन्ही औषधे घेतलेल्या ३५ पैकी ३२. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले.

औषध मंत्राहून श्रेष्ठ ठरते ते त्याची परीक्षा घेता येते म्हणून. ती परीक्षा इतरांच्या मताइतकीच स्वतःच्या मतासही लावणे, हेच या खेड्यातील वैद्याचे खरे मोठेपण होय.