अटींच्या प्रवेशाचे अवास्तव कौतुक

१/ विल्यम काँग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१७००) या नाटकातील मिलामंट आणि मिराबेल यांचा लग्नाच्या अटींचा प्रवेश ‘समानतेच्या विवाहाचा जाहीरनामा’ म्हणून मिरवला जातो. हा मान अस्थानी आहे. का, ते या धाग्यात.

२/ प्रवेश बहारीचा आहे, यात वाद नाही. सकाळी हवा तितका वेळ लोळेन, पत्रांची चौकशी नको, चारचौघांत लाडाची नावे नकोत, दार वाजवूनच खोलीत यायचे, ही तिची बाजू. त्याची बाजू: मुखवट्याआड नाटकाला जायचे नाही, गरोदरपणी कंबर आवळायची नाही, चहाच्या मेजावर मद्य नको. (शरीर तिचे, नियम त्याचे, हे कौतुक करणाऱ्यांच्या नजरेतून कसे सुटते?)

३/ आणि अटी मोडल्या तर? दाद मागायला जागाच नाही. तत्कालीन इंग्लिश कायद्यात विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होई. तिची रोकड व जंगम मालमत्ता त्याची, जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती.

४/ या कराराला साक्षीदार म्हणून नेमकी कोण येते? मिसेस फेनॉल. मिराबेलची पूर्वीची प्रेयसी. या विधवेला त्याच्यापासून दिवस गेल्याची शंका आली, तेव्हा होणाऱ्या मुलाला बापाचे नाव हवे म्हणून त्यानेच तिचे लग्न फेनॉलशी लावून दिले. अधिक चांगला माणूस या कामी वाया घालवणे बरे नव्हते, असेही तो तिलाच सुनावतो!

५/ म्हणून माझ्या मते नाटकातला खरा विवाहविषयक प्रवेश चौथ्या नव्हे, पाचव्या अंकात आहे. मिलामंटचे सहा हजार पौंड आणि पत्नीची सारी मालमत्ता फेनॉल धमकावून मागतो, तेव्हा एक काळी पेटी उघडते. आत दस्तऐवज: लग्नापूर्वीच मिसेस फेनॉलने आपली मालमत्ता विश्वस्त म्हणून मिराबेलच्या नावे केलेली. फेनॉलचा डाव फसतो तो या कागदाच्या तारखेमुळे. मिलामंटजवळ मात्र असा कागद दिसत नाही. तिच्याजवळ तोंडी वचने आहेत.

६/ शेवटी मिराबेल तो कागद मिसेस फेनॉलला परत देतो. कशासाठी, तर त्याच्या जोरावर तिला नवऱ्याबरोबर जरा सुखाने नांदता यावे! पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट तेव्हा संसदेच्या खास कायद्यानेच मिळे. न्यायालयात तो मिळू लागला १८५७च्या कायद्यानंतर, आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर स्वतंत्र हक्क देणारा व्यापक कायदा झाला १८८२ साली.